थरथरीचा दाखला

दुपारच्या तुकडीची परीक्षा सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि शेवटच्या वर्षाची मुलं व्हरांड्यात बसून हात थरथरवण्याचा सराव करत होती. एकाने पाण्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरला होता. एक मुलगी तिसरा कप कॉफी पीत होती.

"हे काय चाललंय?" शैलजा तोडणकर थांबल्या.

"हात तयार करतोय, बाई," तांब्यावाला म्हणाला. "पाटीला हलता हात आवडतो."

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. खाडीवरच्या टेकडीवर असलेल्या या कला महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षं चित्रकथा शिकवली होती. आज बाहेरच्या परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांच्या वेळी परीक्षेआधी मुलं बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, रेषा हलू नये म्हणून. बादली बाई स्वतः भरायच्या.

आता परीक्षेच्या खोलीत मधल्या टेबलावर बादलीऐवजी रेखासाक्षी होती. मुलं तिला पाटी म्हणत, कारण ती दिसायची तशीच, काळ्या काचेची. चित्रयंत्रं दौत-टाक धरून कागदावर चित्र काढू लागली तेव्हा चित्र कुणी काढलं हे सांगणं अवघड झालं, म्हणून विद्यापीठाने ही पाटी आणली. माणसाचा हात कितीही आवरला तरी सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतो. रेषेतली ती थरथर आणि हात अडखळला तिथे साचलेली शाई पाटी मोजते, आणि शंभरपैकी गुण देते. सत्तरच्या खाली आलं की ते चित्र माणसाचं नाही.

सकाळच्या तुकडीतल्या झुलेखा होडेकरच्या चोवीस पानांच्या चित्रकथेला एकतीस गुण पडले होते.

बाईंनी ती पानं उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. बंदरात ओढून ठेवलेली होडी, तिला रंग देणारा बाप, आणि आजारपणात त्याच्याकडून राहिलेला रंगाचा एक पट्टा. एका पानावर तर काहीच नव्हतं, फक्त समुद्राची रेषा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"पट्टी लावलीस?" त्यांनी शेजारी उभ्या झुलेखाला विचारलं.

"नाही बाई. अब्बा होड्या रंगवतात. पट्टा ओढताना श्वास धरायचा, करंगळी फळीवर टेकायची, आणि फळीचा सांधा आला की मगच सोडायचा. मी सात वर्षांची असल्यापासून ओढते."

"आणि ही पानं नापास," बाई विभागप्रमुखांकडे वळल्या. निरंजन खातू त्यांचाच विद्यार्थी, आणि आजचा दुसरा परीक्षक. "निरंजन, तुझी पहिल्या वर्षाची रेषा मला आठवते. पावसात गांडूळ रस्ता ओलांडतं, तशी. या पाटीने तुला शंभर दिले असते."

निरंजन हसला, पण कपाळ पुसत. "बाई, हातात काही नाही माझ्या. आज पाचपर्यंत सकाळच्या तुकडीचे गुण विद्यापीठात जातात. ती नापास झाली की वर्ष गेलं. पुण्याच्या चित्रपटवाल्यांनी तिला पात्रं रेखाटायला घेतलंय, तेही जाईल."

"पाटीला माणसाची रेषा शिकवली कुणी? नमुने कुणाचे?"

"पहिल्या वर्षाच्या मुलांचे. दहा हजार हात."

"म्हणजे ज्यांना अजून येत नाही, त्यांचे." बाईंनी डोळे मिटले. "मग ज्यांना येतं त्यांचेही घाला. हिची रेषा घाला."

"घातली तर पाटी तेवढी स्थिर रेषाही माणसाची मानायला लागेल. उद्या यंत्राचीही पास होईल. मग पाटी ठेवायची कशाला?"

बाई आणखीनच वैतागल्या. झेरॉक्स आलं तेव्हा लोक हात संपला म्हणाले होते. संगणक आला तेव्हाही तेच. त्या प्रत्येक वेळी बाई हसल्या होत्या. या वेळी यंत्राने हात संपवला नव्हता. मुलंच व्हरांड्यात बसून तो संपवत होती.

"पाटी बिघडलेली नाही, बाई," निरंजनने टाक पुढे केला. "तुम्हीच ओढून बघा."

बाईंनी चार वर्षांत टाक धरला नव्हता. त्यांनी कागदावर वीतभर रेषा ओढली. ती जिन्यासारखी उतरत गेली. कागद पाटीवर ठेवताच हिरवा दिवा लागला. नव्व्याण्णव.

"बघा," निरंजन सुटल्यासारखा म्हणाला. "तुम्हाला ओळखते ती."

"मला नाही. माझ्या दुखण्याला ओळखते." बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. "डॉक्टर त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ गोळ्या देतात, आणि तुम्ही गुण."

मग झुलेखाने हळूच विचारलं, "बाई, पाच वाजायला पंचेचाळीस मिनिटं आहेत. समुद्राचं पान पुन्हा काढू का? थोडा हात हलवून? इथे समोर काढलेल्या एका पानाला सत्तर पडले, तरी सगळी चित्रकथा पास धरतात."

बाईंना 'काढ' म्हणायचं होतं. वर्ष वाचलं असतं. "अब्बांना दाखवशील ते पान?"

झुलेखाने मान खाली घातली. मग कोरा कागद घेतला, करंगळी टेकवली, श्वास धरला. बाईंनीही धरला. निरंजनचाही थांबला असावा, कारण टाकाची खरखर तेवढी ऐकू येत होती. रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आणि तिघांनी एकदमच श्वास सोडला.

लाल दिवा. एकोणतीस.

बाईंनी नियमांचं पुस्तक मागवलं. अकरावा नियम त्यांना पाठ होता. पाटीचे नियम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत असताना त्यांनीच हट्टाने घालायला लावला होता. दोन परीक्षकांनी रेषा काढली जाताना प्रत्यक्ष पाहिली असेल, तर त्यांच्या सहीचा दाखला पाटीच्या वर मानावा.

"तो नियम आजवर कुणी वापरलेला नाही, बाई. सही करणाऱ्याला विद्यापीठ चौकशीला बोलावतं. यंत्र नाही म्हणतं, आणि तुम्ही हो कशाच्या जोरावर म्हणता, विचारतात."

"विचारू देत." बाईंनी सही केली. वाकडीतिकडी, तीन ठिकाणी तुटलेली. मग कागद त्याच्यासमोर सरकवला. झुलेखा टाक पुसत होती, पुसून झाल्यावरही.

निरंजनने पेन उघडलं आणि पाटीकडे पाहिलं. लाल दिवा अजून तसाच होता.

"तिकडे नको बघूस," बाई म्हणाल्या. "तू तिच्यापासून दोन हातांवर उभा होतास. तुझ्या डोळ्यांनी काय पाहिलंस, निरंजन?"