डिकीतली बाटली

स्कूटरच्या डिकीत गाडीचे कागद शोधताना साधनाच्या हाताला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली बाटली लागली. पन्नाशीला टेकलेला नवरा, आणि हे थेर! पण झाकण उघडलं तर आत... हिरव्या मिरचीचा ठेचा!

दारू निघाली असती तर तिनं भांडून तरी घेतलं असतं. हा तर थेट तिच्या स्वयंपाकाचा अपमान होता. बावीस वर्षांपूर्वी ती राजापेठेतल्या या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासऱ्यांना, नत्थुजींना, अल्सर होता. एका घरात दोन भाज्या कशाला, म्हणून तिनंही तिखट सोडलं... अकोल्याला माहेरी पाट्यावरचाच ठेचा बोटानं चाटणारी पोरगी ती! सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिचा हात मिरचीकडे वळला नव्हता. का वळला नाही, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

गजेंद्रराव जेवायला बसले तशी तिनं बाटली ताटाशेजारी ठेवली. डोळे भरून आले होते.

"इतकं फिक्कं लागते माह्या हातचं, तर मले सांगाले काय झालतं?"

चोरी पकडल्यागत त्यांचा चेहरा पडला. "अवं, तुलेच तिखट चालत नाही ना! म्हून हापिसात खातो."

"मले? कोनं सांगतलं?"

"तूच! माह्यापायी पोरीचं तोंड बेचव झालं म्हनून बाबा ताटावर रडले होते. तवा तू म्हनली, मामाजी, मले तिखट लहानपनापासून आवडतच नाही."

साधनाला आठवलं... त्या थकल्या जिवाला घास गोड लागावा म्हणून बोललेलं खोटं! ती स्वतः ते विसरून गेली, आणि हा खुळा माणूस ते इतकी वर्षं जपत बसला! राग कुठल्या कुठे पळाला. रडू मात्र थांबेना.

तिनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात टाकला. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. गजेंद्ररावांनी लगबगीनं पाण्याचा पेला पुढे केला.

"आवडला का वं?"

किती साधा प्रश्न! सत्तेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि गंमत म्हणजे उत्तर आता तिलाही ठाऊक नव्हतं. बिनआल्याचा चहा, एक नंबरवरचा पंखा, सगळ्यांच्या मागून जेवण... यातलं तिचं स्वतःचं किती? जीभ जळत होती, पण मनाला भलतंच कुतूहल लागलं होतं.

तिनं आपलं ताट आणलं आणि त्यांच्या शेजारी मांडलं.

"घाई करू नका," डोळे पुसत ती म्हणाली, "अजून एक घास खाऊन पाहतो, मंग सांगतो."