चपला अक्कलकोटला गेल्या

"तुम्ही माझ्या मागावर आहात का हो?"

तबल्यावर गवसणी चढवता चढवता त्यानं विचारलं, आणि मी इतकी दचकले की हातातले साखर-फुटाणे देवळाच्या ओट्यावर सांडले.

"मी? तुमच्या?"

"सोमवारी जुळे सोलापुरात दिसलात. परवा विजापूर रोडला. आज इथं, बाळीवेशीत. अधिक महिना आहे, बुवांचं रोज एका देवळात कीर्तन. मला तबला घेऊन फिरावंच लागतं. तुम्ही का फिरताय?"

"मी घर शोधतेय."

"कीर्तनात?"

त्याच्या शर्टाच्या खिशात मोगऱ्याचं एक फूल होतं. तबला वाजवताना ते पडत कसं नाही, याचं मला तिन्ही दिवस कुतूहल वाटलं होतं… पण ते कसं सांगणार?

मी टेंभुर्णीची. सोलापुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नुकतीच नोकरी लागली होती. सध्या मुक्काम संस्कृतीकडे, म्हणजे मावसबहिणीकडे. पण अधिक महिना संपला की तिचे सासू-सासरे येणार होते. आणि अण्णांनी फोनवर ठणकावलं होतं, "येत्या रविवारी मी येतो. वस्ती मला पटली तर ऱ्हा. न्हायतर बॅग उचल आन् चल गावाकडं. नोकऱ्या काय, लई मिळत्यात."

लई मिळत नाहीत, हे त्यांना कुठं ठाऊक!

एजंटनं दाखवलेली प्रत्येक खोली "एकदम सेफ, मॅडम" होती. माझा भरवसा मात्र आईच्या बोलण्यावर. ती म्हणायची, वस्ती बघायची तर कीर्तनाला जाऊन बघावी. अनोळखी बाईला बसायला कोण सरकून जागा देतं, आरती झाल्यावर लेकीबाळी कशा गप्पा मारत घरी जातात… ते कुठला एजंट दाखवणार?

हे ऐकून तबलजी हसला. "म्हणजे परीक्षा घेताय! मग, या गल्लीला किती मार्क?"

"बायकांनी सरकून जागा दिली. 'कुणाची गं तू?' असं चौघींनी विचारलं. तुम्हाला काय वाटतं, कशी आहे वस्ती?"

त्यानं गवसणीची दोरी आवळली.

"ते मी नाही सांगणार."

"का?"

"असंच."

आणि असं काही हसला की… असो. मी उतरून पायरीपाशी आले, तर माझ्या नव्या कोऱ्या चपला गायब!

"झालं," मी म्हटलं, "वस्ती नापास."

सोलापूरचा मे महिना. सूर्य बुडाला तरी डांबर तव्यासारखं. मी पाऊल टाकणार एवढ्यात मागून आवाज आला, "थांब की गं! अनवाणी जातीस व्हय?" महानंदाकाकू म्हणून कुणी होत्या, त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या.

"अहो, पण तुम्ही मला ओळखतही नाही."

"चपला ओळखते की माझ्या. उद्या आणून दे."

ओट्यावरून तबलजी म्हणाला, "नापास करायची घाई नको. उद्या याच. आणि हो, माझं नाव गुरु. विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या चपला परत करायला गेले, तर देवळाच्या पायरीवर एक म्हातारी माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेली!

"बारव्वा, बा… ये गं बाई," तिनं हात धरून जवळ बसवलं. "तुझ्याच का या? डोळ्यांना दिसंना झालंय, पायाला लागतील त्या घालून जाते बघ. सकाळपासनं जाणाऱ्या-येणाऱ्या पोरींचे पाय बघत बसलीय."

ही शांतम्मा. तिनं देवळाजवळच्या आपल्या घरी नेलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. बोलता बोलता कळलं की तिची वरची खोली रिकामी आहे. वर जाऊन पाहिली, तर खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता आणि वाऱ्यावर कुठून तरी मोगरा येत होता. मी मनात हात जोडले. पांडुरंगा, हीच!

रविवारी अण्णा आले. मी बॅग भरूनच त्यांना शांतम्माकडे नेलं. शांतम्मानं चहा दिला, पदर सावरला आणि म्हणाली, "वर निवांत बघा. मला अक्कलकोटला दर्शनाला जायचंय, जीप आलीय."

अण्णांनी खोलीची कडी ओढून पाहिली, नळ सोडून पाहिला. चेहरा सैल होत होता. मग त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. समोरच्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीला कुणी तरी पाणी घालत होतं…

गुरु.

त्याच्या हातातला तांब्या कलला. मी चटकन खिडकीपासून मागे सरले. ते अण्णांनी पाहिलं.

"वळखतीस व्हय त्याला?"

देवळासमोर खोटं कसं बोलू? "व्हय, अण्णा. कीर्तनात तबला वाजवतात. पण इथं राहतात, हे मला आत्ता कळतंय. शप्पथ."

अण्णांनी खिडकी लावून घेतली. त्यांनी माझी बॅग उचलली आणि जिना उतरायला लागले. माझी नोकरी त्या बॅगेतून पायरी पायरी खाली चालली होती.

दारात अण्णा थबकले. त्यांच्या चपला नव्हत्या.

"ही तुजी वस्ती? दिसाढवळ्या…"

"काका, शांतम्मा! जीप!" गुरु धावत खाली आला होता. त्यानं आपल्या चपला अण्णांसमोर काढल्या आणि भर दुपारच्या उन्हात अनवाणी पळत सुटला. तोवर महानंदाकाकू नवऱ्याच्या चपलांचे तीन जोड घेऊन हजर. "बघा पाव्हणं, कुठला बसतोय."

थोड्या वेळानं गुरु धापा टाकत परतला. "जीप गेली, काका. तुमच्या चपला… अक्कलकोटला निघाल्या."

अण्णा एकेकाकडं बघत राहिले. मग खांदे हलायला लागले, आणि आईच्या माघारी कधी हसले नव्हते इतके ते हसले. "माझ्या आदी माझ्या चपलांना दर्शन!" डोळे पुसत त्यांनी बॅग माझ्या हातात दिली. "ठिव वर. आन् त्या पोराच्या पायावर पानी घाल की. भाजलं आसंल."

मी तांब्या घेऊन ओट्याशी गेले. पाणी घातलं तशी त्यानं बोटं आखडली.

"दुखतंय?"

"नाही… थोडं."

"सांगितलं का नाही, की इथंच राहता?"

"सांगितलं असतं तर… तुम्ही गल्लीच पसंत केली, की… म्हणजे… मला कधी कळलंच नसतं."

"आता कळलं?"

"गल्लीचं कळलं." त्यानं वर पाहिलं. "बाकीचं राहिलंय."

माझ्या हातातला तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. मी तो तसाच धरून होते.

"कीर्तनात पूर्वरंग झाला की मध्ये बुक्का लावतात," मी हळूच म्हटलं, "आणि मग गोष्टीला सुरुवात होते… ठाऊक आहे ना, तबलजी?"

त्यानं खिशातला मोगरा माझ्या ओंजळीत ठेवला.

संध्याकाळी एसटीत चढताना माझं लक्ष अण्णांच्या पायांकडे गेलं. "अण्णा, ह्या त्या तबलजींच्याच चपला. द्या, मी देते नेऊन."

"ऱ्हाऊ दे." अण्णा खिडकीशी बसले. "फुडल्या रविवारी मीच आणून देतो. माझ्याबी न्यायच्यात की." गाडी सुरू झाली. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"आन् काय गं… त्याचं आई-बाप कुटं असत्यात म्हनालीस?"