विरोधी रंग

आमच्या फुलचूरच्या गल्लीत रविताबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी ब्रश हातात धरला, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्यांना एकच चित्र काढायचं होतं. लेकीचं, हर्षिताचं. आठवड्यावर लग्न आलं होतं. पोरगी सासरी देवरीला जाणार, निदान भिंतीवर तरी राहील.

शिकवायला चैतराम सर होते. त्यांनी रंगचक्र काढून दिलं होतं. लालच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर नारंगी, पिवळ्याच्या समोर जांभळा. हे एकमेकांचे विरोधी रंग.

"सावलीले काळा नका, विरोधी रंग लावा, बाई," सर म्हणाले होते. "तीस आकडे होईस्तोवर रंगाकडे टक लावून पाहा, मग पांढऱ्या भितीकडे पाहा. डोळाच विरोधी रंग दाखवते."

मे महिन्याची दुपार. आत कुलरची घरघर, ओल्या खसचा वास. हर्षिता लाल साडी नेसून खुर्चीवर बसली.

"हलू नको."

"माय, घाम येऊन राहिला न! मोबाईलात फोटो काढ, मोकळी हो."

"गप बस. आकडे चुकतात माझे."

तीस मोजून रविताबाईंनी चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. हळूहळू तिथे हिरवी हर्षिता उमटली. अगदी सरांनी सांगितल्यासारखी! बाई हरखल्या... आणि मग त्यांना दिसलं. हिरव्या हर्षिताच्या मागे आणखी कोणी उभं होतं. जांभळं. बाईच होती. तिचा हात हर्षिताच्या खांद्यावर होता.

रविताबाई गर्रकन वळल्या. खुर्चीमागे कोणीच नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. कुलर थांबला, आणि घर एकदम मुकं झालं.

"हर्षू... तुझ्या मागं कोणी होतं?"

"काऊन? कोण राहीन?"

बाईंनी रंगचक्र उचललं. बोट जांभळ्यावर ठेवलं, समोर सरकवलं. पिवळा. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पिवळी बाई. हर्षिताची हळद अजून लागायची होती. आणि एवढी अंगभर हळद एक तर नवरीला लागते, नाहीतर सवाष्ण मेली की तिला.

होणाऱ्या जावयाची, दुर्गेशची, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. तापानं गेली, असं त्यानंच सांगितलं होतं.

"हे लग्न होणार नाही," रविताबाई म्हणाल्या.

"माय! पत्रिका वाटून झाल्या. भितीवरच्या एका डागापायी?"

फाटक वाजलं. निळ्या शर्टातला दुर्गेश साड्यांची पिशवी घेऊन दारात उभा होता.

"येऊ का, आई?"

"थांबा, जावईबापू... तिथंच थांबा. तुमचंही चित्र काढीन म्हणते."

तो हसला. उभा राहिला. पापणीही हलली नाही त्याची. रविताबाई ओठांतल्या ओठांत मोजत राहिल्या. अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.

भिंतीवर नारंगी दुर्गेश उमटला. त्याच्या डाव्या बाजूला जांभळी बाई. उजव्या बाजूलाही. आणि त्या उजवीच्या मागे...

रविताबाईंनी लेकीचं मनगट गच्च धरलं. तापानं गेलेली तर एकच होती.

दुर्गेशनं उंबरठा ओलांडला. पिशवी खाली ठेवली.

"आई," त्यानं हळूच विचारलं, "किती दिसल्या?"