पाडलेली भिंत

ही गोष्ट खोटी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चंद्रभानकाका थापा मारणाऱ्यांतले नाहीत, एवढं मला पुरे आहे.

धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. याच वर्षीच्या मे महिन्यातली भर दुपार.

त्यांच्या पत्नी, सुभद्राकाकू, दिवाळीनंतर गेल्या. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे सहा वर्षं आधीच गेले होते. तरी दुपारी दीडला काकांचं ताट त्याच वाढायच्या. बेडरूममधून निघायचं, भिंतीला तळवा लावायचा आणि चाचपत थेट ओटा गाठायचा.

त्या गेल्या आणि घर काकांना खायला उठलं. पुण्याहून लेक आली, वैभवी.

"बाबा, ह्या कोंदट खोल्या पाडून टाकू. मोकळ्यात करमते माणसाले."

काका हो म्हणाले. मधली भिंत पडली. हॉल, स्वयंपाकघर सगळं एक झालं. बेडरूमपासून एक गोल, वळणदार भिंत निघाली, ती बाल्कनीकडे वळली. कोपरा औषधालाही उरला नाही.

घर देखणं झालं, खरंच. पण आता सोफ्यावर बसलं की सगळं रिकामं घर एकदम दिसायचं. काका आणखीच एकटे पडले.

त्या दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला.

आणि...

सर्र... सर्र...

भिंतीवरून तळवा फिरत होता.

बेडरूमकडून निघाला. गोल भिंतीवरून हळूहळू सरकत... बाल्कनीपाशी आला... थांबला.

ओटा दुसऱ्या बाजूला होता.

आवाज मागे फिरला. पुन्हा बेडरूम. पुन्हा बाल्कनी. चार वेळा.

काकांच्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा जीवच जास्त तुटला. ती रस्ता चुकली होती, आणि तिचा रस्ता त्यांनीच पाडला होता.

"सुभद्रे, इकडं ये वं," ते रडत म्हणाले. "सयपाकघर इकडं आहे."

आवाज थांबला... पण जवळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी दीडला तेच.

तिसऱ्या दिवशी काका उठले. बेडरूमच्या दारापासून ओट्यापर्यंत जुनी भिंत जेमतेम पाच फूट होती. ते तिथे हात पसरून उभे राहिले.

गार बोटं मनगटावर टेकली... दंडावरून वर आली... चेहऱ्यावर थांबली.

काकू रोज असाच त्यांचा चेहरा चाचपायच्या. म्हणायच्या, "दाढी काहून नाही केली?"

काका वाट बघत राहिले.

बोटं कपाळावरून फिरली, गालावरून उतरली... आणि पुढे गेली. दुसऱ्या हातावरून, ओट्याकडे. ओळख नाही, काही नाही. भिंतीवरून जावीत तशी.

वैभवी त्यांना पुण्याला न्यायला येऊन गेली. "इथं कोण आहे तुमचं, बाबा?" काका गेले नाहीत.

परवा त्यांनी मला विचारलं, "तिनं मले ओळखलं नसन, का ती सुभद्रा नाहीच?"

दीड वाजत आला होता, आणि त्यांना उभं राहायचं होतं.