तीस दिवसांची मुदत

तो खरं तर वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा कॉम्प्युटर बघायला निघाला होता. पण जिना चढताना भरतकामाच्या दुकानातून एका मुलीचा वैतागलेला आवाज आला आणि स्वारी दारातच थबकली.

"कॉम्प्युटर दुरुस्त करता?" त्याच्या हातातली पेटी बघून तिने विचारलं.

"करतो... म्हणजे, त्यावरच पोट भरतो."

तिच्या बाबांनी काढलेली सगळी वेलबुट्टी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती आणि नवा कॉम्प्युटर त्याला दारात उभं करत नव्हता. त्याने नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर वसवून दिला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात म्हणे! जाईची वेल पडद्यावर उमलली, बाबांनी हळूच चष्मा पुसला. "फुकट आहे," तो म्हणाला. फक्त दर तीस दिवसांनी ते बंद पडायचं. मग तो यायचा आणि दहा मिनिटांचं काम तासभर पुरवायचा. तीही त्याच्या येण्याची वाट बघू लागली होती.

पाचव्या खेपेआधी तिने त्या व्हर्च्युअल मशीनच्या परवान्याच्या अटी वाचून काढल्या, अगदी शेवटच्या पानापर्यंत. तो आला तेव्हा ती हसली नाही.

"ही चाचणीची प्रत आहे, एकदाच वापरायची. तुम्ही दर महिन्याला नव्या नावाने पुन्हा टाकता. हो ना?"

"हो..."

"आणि कायमची फुकट, धंद्यालाही चालणारी दुसरी मिळते. माहीत नव्हतं?"

"होतं." त्याचे कान लाल झाले.

"मग माझ्या दुकानाच्या नावावर ही लबाडी कशाला? आमची एक बुट्टी कुणी चोरली तर बाबांना दोन दिवस जेवण जात नाही!"

"ती दुसरी... कधी बंदच पडत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मग मला कोण बोलावणार होतं?"

तिला राग आलाच होता. पण आत कुठेतरी गोडही वाटलं आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

"काढा ते. दुसरं टाका. आत्ता!"

त्याने निमूटपणे टाकलं. "त्या कंपनीला मी लिहितो, चूक माझी म्हणून," एवढं बोलून तो तोंड एवढंसं करून गेला.

एकतिसाव्या दिवशी सगळं सुरळीत चालू होतं. तिला दुपारपर्यंत काही सुचेना. शेवटी तिने फोन लावला.

"बंद पडलं?" त्याने घाबरून विचारलं.

"छे! मस्त चाललंय. कंपनीला लिहिलंत?"

"त्याच दिवशी."

"मग या. मला आवडता तुम्ही... कारण कशाला लागतंय? फक्त ती पेटी घरी ठेवा."

थोड्याच वेळात जिन्यावर धडधड झाली. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या चढत होतं.

"आज काय बिघडलं गं?" बाबांनी आतून विचारलं.

"काहीच नाही, बाबा," ती म्हणाली आणि दार उघडायला धावली.