चौदा नंबरची हिरवी पाटी

खरं सांगायचं तर त्या वसंतात लोवेल आणि मार्लिस ब्रेके यांचं अगदी मजेत चाललं होतं, आणि त्याचीच लोवेलला लाज वाटायची.

दरवर्षी नॉर्थ डकोटातली थंडी चुकवायला हे नवराबायको आपली घरगाडी पिकअपच्या मागे जोडून ॲरिझोनात यायचे, बेन्सनजवळच्या घरगाड्यांच्या एका पार्कात मुक्काम ठोकायचे आणि मार्च संपला की परत निघायचे. त्या वर्षी साथ आली. वाटेवरचे मुक्कामाचे तळ बंद झाले. पार्कची व्यवस्थापक रोसाल्बा म्हणाली, "कुठे जाताय या दिवसांत? राहा इथेच." राहिले. मे उजाडला तरी राहिले. पालो वर्देच्या झाडांची पिवळी फुलं खडीवर सडा घालून वाळून गेली. क्लबघराला कुलूप होतं, आणि काचेतून बघितलं की आत टेबलावर हजार तुकड्यांचं चित्र अर्धंच जुळवलेलं दिसायचं. पण रोज दुपारी चारला पंधरा-वीस म्हातारे आपापली घडीची खुर्ची घेऊन निघायचे, दहा-दहा फुटांवर गोल करून बसायचे, ज्याचा पेला त्याच्या हातात, आणि हसून हसून पोट दुखायचं.

मुलगी ग्रेटा फार्गोच्या इस्पितळात नर्स होती. रविवारी तिचा फोन यायचा, आवाज थकलेला.

"बाबा, कसे आहात?"

"काढतोय गं दिवस कसेतरी," लोवेल म्हणायचा, आणि पेल्यातला बर्फ वाजू नये म्हणून पेला हळूच खाली ठेवायचा.

साथ सुरू झाल्यावर रोसाल्बाने एक शक्कल काढली होती. प्रत्येक घरगाडीच्या दाराला पत्र्याची एक पाटी टांगली. एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. संध्याकाळी लाल करायची, सकाळी नऊच्या आत हिरवी. नऊला रोसाल्बा आपली छोटी विजेची गाडी घेऊन फेरी मारायची. हिरवी दिसली की पुढे. लाल दिसली की दार वाजवायचं आणि आतलं माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही.

चौदा नंबरवर आर्डिथ फेन्स्केबाई राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. गारांच्या माराने पोचे पडलेला जुना पत्र्याचा ट्रेलर, आणि जीभ मात्र कात्रीसारखी. एप्रिलमध्ये एकदा त्यांनी शेजारच्या पंधरा नंबरच्या लोवेलला हाक मारली.

"पोरा, तू पहाटे सहाला उठून फिरतोसच. जाता जाता माझी पाटी हिरवी करत जा. संध्याकाळी कचरा टाकायला जाशील तेव्हा लाल. त्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे माझे गुडघे शिव्या घालतात. आणि नऊला ती पोरगी दार बडवते ना, त्याने झोपेचं खोबरं होतं माझ्या. कुणाला सांगू मात्र नकोस."

"नियमात बसत नाही हो हे."

"मला खुर्चीत धड बसता येत नाही, नियमात काय बसू?"

लोवेल हसला आणि हो म्हणाला. आता हा माणूस कोण, तर एकतीस वर्षं सरकारचा वजनमापं निरीक्षक. धान्याच्या कोठारांवरचे काटे तपासायचे, बरोबर असले की तारेत शिशाचं सील अडकवून चिमट्याने दाबायचं. सीलवर त्याचा क्रमांक उमटायचा, सत्तेचाळीस. डोळ्यांनी बघितल्याशिवाय सील नाही, हा त्याचा बाणा. शिकाऊ उमेदवारांना त्याने हेच घोकून घोकून शिकवलं होतं. आणि तोच लोवेल आता रोज सकाळी, आत न बघता, बंद पडद्याच्या खिडकीसमोर उभा राहून एका जिवंत माणसाची पाटी हिरवी करत होता.

एका मंगळवारी तो पाटी पलटत असताना आवाज आला. टक् टक् टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक् टक् टक्. बाईंच्या वातानुकूलन यंत्राची घरघर चालू होती, त्यातून नीट कळेना. तो पाटी हिरवी करून पुढे गेला.

न्याहारीला मार्लिसने कान टवकारले. "काय रे वाजतंय हे?"

"सुतारपक्षी. या दिवसांत पत्र्यावर चोची मारतात ना."

मारतात, हे खोटं नव्हतं. लोवेलने वर छपराकडे बघितलं नाही, एवढंच.

त्या दिवशी चारला बाई आल्या नाहीत. बुधवारीही नाही. आयोवाचा व्हर्लिन म्हणाला, "आर्डिथबाई रुसल्या वाटतं. परवा मी त्यांच्या लोणच्याला नाव ठेवलं ना." सगळे खो खो हसले. लोवेलही हसला. बुधवारी टकटक फार थोडी झाली. गुरुवारी पक्षी गेला होता.

गुरुवारी दुपारी बाईंच्या बहिणीचा रोसाल्बाला फोन आला, की आर्डिथ फोन उचलत नाही. रोसाल्बाने दार उघडलं.

बाई सोमवारी संध्याकाळीच पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी संध्याकाळपर्यंत तरी जीव होता. हातात चमचा होता आणि मोरीखालच्या पत्र्याचा रंग एका ठिकाणी पार उडाला होता.

शुक्रवारी चारला रोसाल्बा गोलात येऊन उभी राहिली. मुखपट्टीवरचे डोळे रडून सुजले होते. "मी बुधवारी त्यांच्या दारापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "वाटलं, वाजवावं. पाटी हिरवी बघून परत फिरले. कुणी पलटत होतं का त्यांची पाटी? रागावणार नाही मी. फक्त सांगा."

लोवेलने पेल्यातल्या बर्फाकडे बघितलं. आता बोलावं, आता बोलावं, असं करता करता तोंड उघडलं ते व्हर्लिनने.

"संध्याकाळी मी स्वतः लाल बघितली आहे. आणि सकाळी हिरवी. तीनही दिवस. बाई तर आत..." त्याने हातावरचे उभे राहिलेले केस सगळ्यांना दाखवले.

"आपल्याला त्रास नको म्हणून त्यांनीच," कुणीतरी म्हणालं. मार्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लोवेलचा हात घट्ट धरला. दोन दिवसांत ही गोष्ट पार्कभर झाली, त्यात भर पडली, आणि लोक चौदा नंबरवरून जाताना आवाज खाली आणू लागले. भूतबीत काही नाही हे साऱ्या पार्कात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. एका म्हातारीला आपण मारलं आणि वर तिचं भूत केलं, असं त्याच्या मनात येई, आणि त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होई. रोसाल्बा समोरून आली की रस्ता बदलायचा. तिच्याशी दोन शब्द बोलायची वेळ आली तरी मार्लिसला पुढे करायचा.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी सहाला लोवेल दार उघडून बाहेर आला, आणि आपली पाटी पलटायला हात पुढे केला. ती हिरवीच होती.

संध्याकाळी आपण लाल केली होती, हे त्याला नक्की आठवत होतं.

"तू पलटलीस का गं?"

"मी? आठाच्या आत कधी उठलेय मी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. व्हर्लिनचा चावटपणा असणार, लोवेलने ठरवलं. चौदा नंबरच्या रिकाम्या जागेकडे मात्र त्याने बघितलं नाही. ट्रेलर ओढून नेला होता. खडीवर चार चाकांचे फिके चौकोन राहिले होते.

तिसऱ्या दिवशी त्याला टूसॉनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दोन महिने पुढे ढकललेली भेट, आणि सोबत कुणी आणायचं नाही अशी ताकीद. मार्लिसला रात्रीपासून गरगरत होतं.

"राहू दे, नाही जात मी," तो म्हणाला.

"जा रे बाबा. रक्तदाब आहे माझा, पडून राहिले की उतरेल."

"रोसाल्बाला सांगून जाऊ का?"

"कशाला उगाच?"

लोवेलचा जीव भांड्यात पडला. हे त्याने स्वतःशी कबूल केलं. आपल्याला सांगायचं नव्हतंच, तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नव्हता. त्यापेक्षा पाटी लाल ठेवू. नऊला ती लाल बघेल, दार वाजवेल, मार्लिसला डोळ्यांनी बघेल. काम झालं. आणि व्हर्लिनने चावटपणा करू नये म्हणून त्याने पिकअपमधल्या हत्यारपेटीतून तार, शिसं आणि आपला जुना चिमटा काढला. पाटी लाल करून कडीला तारेने बांधली आणि सील दाबलं. सत्तेचाळीस. तार तोडल्याशिवाय ती पाटी आता कुणाच्या बापाला पलटता आली नसती.

चिमटा पेटीत टाकला, पेटी गाडीत, आणि साडेपाचला तो निघाला.

दवाखान्याबाहेर गाड्यांची रांग होती. गाडीतच बसा, बोलावू. बाराला त्याने मार्लिसला फोन केला. तिने उचलला नाही. झोपली असेल. रोसाल्बा बघून गेली असेलच. तिला फोन करावा म्हणून त्याने नंबर काढला, आणि फोन खिशात ठेवून दिला.

परत पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. गोल भरला होता. खुर्च्या, पेले, हसणं.

"मार्लिस कुठे आहे?" त्याने गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"आली नाही आज," व्हर्लिन म्हणाला. "रुसली वाटतं!"

दोघेतिघे हसले.

लोवेलने पंधरा नंबरकडे बघितलं. पाटी हिरवी होती.

तो उतरून जवळ गेला. तार जागेवर होती. सील जागेवर होतं, कुठे ओरखडा नाही. त्याने अंगठा फिरवला. सत्तेचाळीस.

"तुझ्या छपरावर सुतारपक्षी आलाय बरं का," व्हर्लिन मागून ओरडला. "सकाळपासून डोकं उठवलंय!"

लोवेलने वर बघितलं. छपरावर काही नव्हतं.

टक् टक् टक्.

त्याने दार ओढलं. मार्लिस मोरीपाशी जमिनीवर पडली होती, पाय वाकडा, ओठ सुकलेले. जिवंत होती. हातात चमचा होता. तो गुडघ्यांवर बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाहेरच्यांना हाका मारू लागला. तिने डोळे उघडले, आणि त्याला ओळखल्यावर त्याच्या मांडीवरून डोकं बाजूला घ्यायला बघू लागली.

"मी वाजवत होते," ती म्हणाली.

"हो गं. बोलू नकोस."

"नऊला रोसाल्बाची गाडी थांबली. तिने विचारलं, आत कसला आवाज येतोय?"

"मग? आली का नाही ती?"

मार्लिसने डोकं त्याच्या मांडीवरून बाजूला सरकवलं.

"तू दारातच होतास ना," ती म्हणाली. "तू तिला सांगितलंस, सुतारपक्षी आहे."