रोशनीचं खत, जीवनचा मळा

बी-बियाण्यांच्या दुकानात रोशनी आपली खताची पाकिटं काउंटरवर मांडत होती. तेवढ्यात एक तरुण घाईघाईनं आत शिरला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत वाळलेलं पान.

"शेठ, रानडुकरांवर काही आहे का हो तुमच्याकडे?"

"रानडुकरांवर?" शेठजींनी चष्मा वर सरकवला. "कुठे, डोंगराकडे नेऱ्याला का?"

"तीन रात्री झाल्या. वांगी, मिरची, मुळा, सगळं उलथून टाकलंय. आईनं बाजारातून कुठलं तरी मासळीचं खत आणलं. त्याचा वास असा, की डोंगरातली डुकरं पंगतीला आल्यासारखी येतात. ज्यानं कोणी ते बनवलंय ना..."

शेठजी खोकले. मग पुन्हा खोकले.

"ज्यानं नाही, जिनं," रोशनी म्हणाली.

तो वळला. आधी तिच्याकडे, मग काउंटरवरच्या पाकिटांकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला.

"पाकिटावर स्पष्ट लिहिलंय, खत मुळाशी खोल पुरावं. तुम्ही वरच पसरलंत ना?"

"वाचलं होतं मी," तो चाचरला. "म्हणजे... अक्षर पाहिलं होतं. छान आहे अक्षर."

शेठजी मोठ्यानं हसले. रोशनीला मात्र हसू दाबावं लागलं, कारण तिला खरं तर राग यायला हवा होता. दोन वर्षं ती हे खत बनवत होती. न्हावा गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या तिच्या गावात मासळीची डोकी, काटे, आतडी बंदरावर नुसती पडून राहायची. बी.एस्सी. झालेल्या रोशनीनं ती गोळा करून वाळवायला, कुटायला घेतली, तेव्हा सगळ्या कोळीवाड्यानं, तिच्या आईनंसुद्धा, नाक दाबलं होतं. एकटे तिचे बाबा, कमळाकर, रोज संध्याकाळी होडीतून एक पाटी भरून आणून मुकाट्यानं अंगणात ठेवायचे. पुढे त्याच खतावर गावातल्या माडांना घड लगडले आणि नाकावरचे हात सुटले. तक्रार अशी आजवर आलीच नव्हती.

"उद्या सकाळी येते बघायला," ती म्हणाली.

"एवढ्या लांब? कशाला उगाच..."

"पाकिटावर माझं नाव आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी कंटेनर-ट्रकच्या रांगांमधून स्कूटर काढत, पनवेल ओलांडून ती नेऱ्याला पोचली तेव्हा आठ वाजले होते. डोंगराच्या पायथ्याशी अजून धुकं रेंगाळत होतं. वालाच्या वेलांवर दव होतं. आणि त्यापलीकडे मळ्याची अशी दशा होती की कोणी रात्रभर नांगर फिरवलाय असं वाटावं.

तरुणाचं नाव जीवन. त्याची आई गुणाबाई बांधावर बसून उपटलेली मिरचीची रोपं पुन्हा लावत होती. ही सगळी भाजी ती स्वतः पनवेलच्या बाजारात बसून विकायची.

"ही का गो खतवाली?" तिनं रोशनीला आपादमस्तक न्याहाळलं. "खत वाईट नाय तुझं. वांगी आठ दिवसांत अशी काळीभोर झाली! पर आमी खायच्या आधी त्यांनी खाल्ली."

तेवढ्यात जीवनचा चुलतभाऊ धनेश खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन आला. "काकी, आज करंट सोडतो कुंपणात. एक डुक्कर चिकटलं की बाकीची फिरकणार नाय."

"तार लावायची नाही," जीवन म्हणाला. "आई पहाटे अनवाणी मळ्यात उतरते. शेजारची पोरं येतात. शिवाय गुन्हा आहे तो."

"मग काय, डुकरांना हात जोडू? माझ्या शेतात पण यायला लागलीत ती. आठ दिवस देतो. नाही थांबली तर माझ्या बांधावर मी तार लावणार, तू बोलू नको."

रोशनीनं बांधाकडे पाहिलं. दोन्ही बांध एकमेकांना लागून होते. आणि डुकरांना डोंगरावरून खाली बोलावलं होतं तिच्या पाकिटानं.

"आठ दिवस पुरतील," ती म्हणाली. पुरतील की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दोघांनी मिळून वासाची वरची सगळी माती खरवडली आणि गोणीत भरून टेम्पोनं खाडीकाठच्या माडांसाठी पाठवून दिली. मग नवे तीन वाफे केले. एकात रोशनीचं खत, पण यावेळी हातभर खोल. दुसऱ्यात शेंगदाण्याची पेंड, कारण गुणाबाईचा त्या पेंडीवर विश्वास. तिसऱ्यात कडू निंबोळी पेंड आणि चाळून घेतलेलं गांडूळखत, मातीत नीट मिसळून.

"चाळायचं कशाला?" जीवननं विचारलं.

"गांडुळं राहिली तर त्यांच्यासाठीही डुक्कर उकरतं. तुम्हाला डुकरांबद्दल काहीच माहीत नाही का?"

"शिकतोय की. शिकवणारी चांगली मिळाली तर..." वाक्य अर्धं सोडून तो जोरजोरात चाळणी हलवू लागला.

प्रत्येक वाफ्याभोवती तो संध्याकाळी ओली माती हातानं सपाट करून ठेवायचा, म्हणजे रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी उमटलेलं दिसे. रोशनी रोज आठच्या ठोक्याला हजर. दोघं उकिडवे बसून माग वाचायचे.

"हे मुंगूस."

"हे?"

"हा मी. काल इथेच घसरलो."

ती खळखळून हसली, आणि मग आपण किती मोठ्यानं हसलो हे तिच्या लक्षात आलं. धुक्यात तिचं हसू उगाचच लांबवर गेल्यासारखं वाटलं. गुणाबाईनं मान वर न करता चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि चहात आणखी एक कप पाणी वाढवलं.

दुसऱ्या रात्री शेंगदाण्याच्या पेंडीचा वाफा गेला. गुणाबाई पुटपुटली, "त्यांना पन गोड लागतं, काय करनार?" तिसऱ्या सकाळी मात्र रोशनी आली तेव्हा जीवन वाटेवरच उभा होता, जणू तिला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. थोडंसं... साळिंदरानं केलं असेल."

ती त्याला ओलांडून गेली. तिचा वाफा हातभर खोल उकरलेला होता. मातीत चहूकडे दुभंगलेल्या खुरांचे ठसे.

"साळिंदराला खूर असतात?" तिनं विचारलं.

त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं. मग हळूच म्हणाला, "नसतात. पण तुमचा चेहरा असा होईल, हे माहीत होतं."

रोशनीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. दोन वर्षांची मेहनत, अंगणात मुकाट्यानं ठेवलेल्या त्या पाट्या... तिनं ओढणीनं डोळे टिपले आणि फावडं उचललं.

"हे सगळं काढायचं. खोल पुरूनही चालत नाही. डोंगराजवळ हे खत नाहीच चालणार. मी चुकले."

"खत वाईट नाही," जीवन म्हणाला.

"वाईट नाही. इथलं नाही."

तो तिच्या शेजारी येऊन खणू लागला. तिचं फावडं दगडावर आपटलं, तेव्हा त्यानं तिचा हात धरून बाजूला केला. सोडायला एक क्षण उशीर केला. तिनंही ओढून घ्यायला तेवढाच केला.

निंबोळीचा वाफा तेवढा शाबूत होता, म्हणून सगळ्या मळ्याला निंबोळी पेंड आणि चाळलेलं गांडूळखत गेलं. पुढच्या रात्री खुरांचे ठसे बांधापर्यंत आले होते. त्यानंतरच्या रात्री फक्त ओढ्यापर्यंत. आठव्या दिवशी ओली माती होती तशी होती. धनेशनं सगळ्या वाफ्यांना फेरी मारली, नाक खाजवलं आणि तारेचं भेंडोळं उचलून घरी नेलं. जाताना एवढंच म्हणाला, "मला पन दोन गोणी सांग त्या कडू पेंडीच्या."

आता रोशनीला इथे यायचं कारणच उरलं नव्हतं. स्कूटर सुरू करूनही ती उगाच आरसा पुसत राहिली.

"उद्या..." जीवन म्हणाला.

"उद्या काय?"

"काही नाही. सांभाळून जा."

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पाकिटाचं. मोठ्या अक्षरांत नवी ओळ लिहिली: डोंगर-जंगलालगतच्या शेतात हे खत वापरू नये. शेठजींनी कपाळाला हात लावला. "अगं, आपल्याच मालावर असं कोणी लिहितं? निम्मी गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली. पण पुढचे आठ दिवस तिला सरता सरेनात. कामात हात चालायचा, मन मात्र आठ वाजले की नेऱ्याला पोचलेलं असायचं. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. विचारणार काय? वांगी कशी आहेत?

रविवारी दुपारी ती अंगणात मासळी उलटीपालटी करत होती, तेव्हा फाटकाशी जीवन दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात ताज्या वांग्यांची पिशवी. ओसरीवर जाळं शिवत बसलेल्या कमळाकरांनी विचारलं, "कोन पायजे?"

"मी नेऱ्याचा. खत... खत न्यायला आलो."

"नेऱ्याला चालत नाय ना यो खत? माझ्या पोरीनं पाकिटावर लिवलंय."

जीवननं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रोशनी मुद्दाम पुढे झाली नाही. तिला बघायचं होतं, आता हा काय करतो.

त्यानं पिशवी खाली ठेवली. एकदा तिच्याकडे पाहिलं.

"खत नको, काका. मी रोशनीसाठी आलोय. आई म्हणाली, फोनवर नको विचारू, दारात जाऊन विचार. मला ती आवडते. तिनं आपलं काम सोडावं असं नाही. हे अंगण, ही मासळी, सगळं तिचं असंच राहील, मी येऊन हात लावीन. वासाची आता मला सवय झालीय."

कमळाकरांनी जाळ्यातली सुई थांबवली. "मग माझ्याशी काय बोलतोस? ती तिकडं उभी हाय."

जीवन वळला. रोशनीच्या हातांना मासळीचा चुरा, केस विस्कटलेले.

"फार उशीर केलास," ती म्हणाली. आजवर तिनं त्याला तुम्हीच म्हटलं होतं. "आठ दिवस!"

"मग... उत्तर?"

"हो आहे. पण माझी आई बाजारातून येईपर्यंत थांब. तिला मी सांगणार, तू नाही."